उशीमागे फिरणारी उत्तर

चौघांनी गादीचे चार कोपरे धरले आणि तोमेआजींना गादीसकट अलगद उचललं. खोलीची सरकती दारं काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. व्हरांड्यात शेजारपाजारचे दाटीवाटीने बसले होते आणि ज्यांना तिथेही जागा मिळाली नव्हती ते अंगणात वाळत घातलेल्या मुळ्यांच्या माळांमधून माना घालून बघत होते. मी दाराशी बूट काढत होते. या बंदरातली एकुलती एक डॉक्टर आजारी बाईला तपासायला आली होती, पण माझ्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती.

"आता डोकं पूर्वेला करा," होकुशिन महाराज नाकातून म्हणाले.

चौघांनी गादी फिरवली.

"सावकाश रे," गादीवरून तोमेआजी म्हणाल्या. "देवाची पालखीसुद्धा दर वर्षी आपटता तुम्ही."

गादी चटईवर टेकली. महाराजांनी रुमालातून पितळी होकायंत्र काढलं, कपाळाला लावलं आणि आजींच्या खांद्याशी गादीवर ठेवलं. काटा थरथरला, गर्रकन फिरला आणि त्याचं लाल टोक आजींच्या उशीकडे जाऊन थांबलं. लाल टोक म्हणजे उत्तर.

"आता पश्चिमेला."

पुन्हा उचलाउचल, पुन्हा होकायंत्र, पुन्हा लाल टोक उशीकडे. मग दक्षिणेला डोकं केलं. दक्षिण म्हणजे समोर समुद्र, त्यात शंकेला जागा नाही. तरी काटा समुद्राला पाठ दाखवायचं सोडून आजींच्या डोक्याकडेच वळला. व्हरांड्यातल्या बायकांनी हात जोडले. एकीने नातवाचे डोळे झाकले.

आमच्याकडे उत्तरेला उसं करून एकच माणूस झोपतं, ज्याला परत उठायचं नसतं. बुद्धाने देह ठेवला तेव्हा त्याचं डोकं उत्तरेला होतं, म्हणून मेलेल्याचं डोकं उत्तरेला करतात. जिवंत माणूस परगावी मुक्कामाला गेला तर आधी उत्तर कुठे ते विचारतो आणि मग संडास कुठे ते. बुद्ध आयुष्यभर जे सांगत होता त्यातलं काही आम्ही उचललं नाही, मरताना त्याचं डोकं कुठल्या दिशेला होतं तेवढं मात्र चोख लक्षात ठेवलं.

"बघितलंत?" महाराज म्हणाले. "तुम्ही डोकं उत्तरेकडे नेत नाही, म्हणून उत्तरच डोक्याकडे आली आहे. आपल्या चित्रलिपीत उत्तर हे अक्षर कसं लिहितात? दोन माणसं, पाठीला पाठ लावून बसलेली. एक जिवंत, एक मेलेलं. तोमेसानच्या पाठीला पाठ लावून कोणीतरी बसलंय."

"ती सूनबाई असेल," अंगणातून मासेवाला गेनपाची म्हणाला.

हशा पिकला. आजींची सून फुमिए चहाची किटली घेऊन उभी होती, ती कानापर्यंत लाल झाली. सासूसुनेचं पटत नाही हे बंदरातल्या मांजरांनाही ठाऊक होतं.

महाराज हसले नाहीत. त्यांनी निकाल दिला. पौर्णिमेला दक्षिणेकडच्या बेटावरची लाल माती आणून उत्तर बंद करायची. तोवर तोमेसानने उत्तरेच्या वाटेवर पाऊल टाकायचं नाही. टाकलं, तर परतीची वाट नाही.

इथे माझं टाळकं सरकलं. कारण तोमेआजींच्या पित्ताशयात खडे होते, मधूनमधून त्या पोट धरून गुरासारख्या ओरडत होत्या, आणि चारच दिवसांनी मी त्यांचं ऑपरेशन ठरवून ठेवलं होतं. ऑपरेशन होणार होतं डोंगरापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात. हॉस्पिटल ज्या गावात आहे त्याचं नाव कितामाची, म्हणजे उत्तरगाव. महाराजांना पत्ताच हवा असता तर याहून सोपा मिळाला नसता.

या होकुशिन महाराजांची थोडी ओळख करून देते. होकुशिन म्हणजे ध्रुवतारा. तारा व्हायच्या आधी ते गोंदा नावाने दारोदार शिवणयंत्रं विकत. पाय मारून मारून पट्टा कसा तुटत नाही हे ज्या आवाजात सांगत, त्याच आवाजात आता ते मरण सांगत होते. शरदातल्या जत्रेत त्यांच्या शिष्यांनी ज्या ज्या घरात म्हातारं माणूस आजारी होतं त्या घराला एकेक 'दीर्घायुष्याची उशी' फुकट वाटली. त्यानंतर महाराज स्वतः होकायंत्र घेऊन त्याच घरांना भेटी देऊ लागले. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि मला दोन आणि दोन चार करता आले नाहीत.

गर्दी पांगल्यावर मी आजींच्या मुलाला, सेइजीला, बाजूला घेतलं.

"ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. खडा अडकून आत पू झाला तर धावपळ करायलाही वेळ मिळणार नाही."

"पौर्णिमेपर्यंतच तर थांबायचंय, डॉक्टरबाई."

"खड्याला पौर्णिमा कळते का?"

"तुम्ही काटा बघितलात ना? तुमच्या डोळ्यांनी?"

"होकायंत्र त्याचं. त्यात काय भरलंय कुणी बघितलंय?"

दुसऱ्या दिवशी मी माझं होकायंत्र घेऊन गेले. कॉलेजात असताना डोंगर चढायचे, तेव्हाचं. महाराजांच्या यंत्राचं पितळ उघडं पाडायचं म्हणून मुद्दाम पाचपंचवीस माणसं जमू दिली. गादीवर त्याच जागी ते ठेवलं. काटा थरथरला, फिरला आणि लाल टोक आजींच्या उशीकडे जाऊन थांबलं.

"डॉक्टरबाई," गेनपाची म्हणाला, "तुमचंही यंत्र फितूर झालं की."

मी सपशेल तोंडघशी पडले. त्या दिवसापासून दवाखान्यात येणारा प्रत्येक जण बसताना खुर्चीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघून घेऊ लागला. फुमिएने तर मला समजावलं. "महाराजांच्या उशीमुळेच आई अजून तग धरून आहेत," ती म्हणाली आणि उशी थोपटून सारखी केली. मी मान डोलावून घरी आले. माझी बुद्धी तेव्हा चरायला गेली होती, दुसरं काय.

ऑपरेशनचा दिवस तसाच गेला. पौर्णिमा आली, आणि त्याच सकाळी आजींना थंडी वाजून ताप भरला.

मी पोहोचले तेव्हा अंगणात पुन्हा माणसं जमत होती. दुपारी उत्तर बंद होणार होती. आत फुमिए सासूचे केस विंचरत होती, विधीला नीटनेटकं दिसावं म्हणून. मी पोटावर हात ठेवला आणि उजवीकडे बरगडीखाली दाबलं. आजींनी माझं मनगट पकडलं, एवढ्या जोराने की मला पुढचं काही तपासावं लागलं नाही.

"आजच्या आज न्यायला हवं," मी म्हणाले.

"महाराज येतीलच एवढ्यात," फुमिए म्हणाली आणि डोळे टाळून गरम पाणी आणायला गेली.

ती गेली आणि आजींच्या अर्धवट बांधलेल्या अंबाड्यातून एक आकडा निसटला. तो चटईवर पडायला हवा होता. पडला नाही. उशीच्या कडेला टक्कन चिकटला आणि तिथेच आडवा लटकून राहिला. आजींचा हात तापातही चपळाईने वर गेला आणि आकड्यावर बसला.

"आजी, हात काढा."

"कुठला हात?"

"तुम्हाला दोनच आहेत. वरचा काढा."

त्यांनी काढला. मी आकडा ओढला आणि सोडला. तो परत उशीला जाऊन चिकटला. मी डोक्याला हात लावून तिथेच बसले.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"उशी आली त्याच आठवड्यात कळलं. रात्री आकडे काढून ठेवायचे आणि सकाळी ते उशीला चिकटलेले. मला वाटलं, केसांचं तेल लागलं असेल. मग शिवणाची सुई धरून बघितली. सुई उडी मारून बसली."

"आणि तुम्ही गप्प राहिलात? गादीवर गोल गोल फिरवून घेतलंत?"

"तुम्ही मला कापायला पाठवणार होतात."

मला राग आला होता. खरंच आला होता. पण आजी छताकडे बघत हळूहळू बोलत राहिल्या.

"आमचे हे त्याच हॉस्पिटलात पायांनी गेले होते, डॉक्टरबाई. स्वतःची पिशवी स्वतः उचलून. परत आले ते याच खोलीत, उत्तरेला डोकं करून. हा गोंदा लबाड आहे हे मला कळत होतं. पण जाऊ नका म्हणणारा तो एकटाच होता. लबाडाचं बोलणं गोड लागलं."

माझा राग उतरला. या बाईला मी इतकी वर्षं तपासत होते आणि तिला कसली भीती वाटते हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"तुमच्या यजमानांना पोटाचा कॅन्सर होता आणि ते फार उशिरा गेले," मी म्हणाले. "तुमचे खडे आहेत. ते काढता येतात. तुम्ही वाचालच अशी शपथ मी घेणार नाही, माझं काम तसं नाही. पण आज इथेच राहिलात तर काय होईल ते मला माहीत आहे. भीती वाटू दे. मलाही वाटते. पण भीती सांभाळायला महाराज कशाला ठेवायचा?"

आजींनी उशीला चिकटलेला आकडा ओढून अंबाड्यात खोचला. मग म्हणाल्या, "गाडी बोलवा."

"बोलावते."

"डोंगराच्या वळणांनी यायला वेळ लागेल ना तिला?"

"लागेल थोडा."

"मग तेवढ्यात मला त्या गोंदाचं डोकं या उशीवर टेकवायचंय."

मी त्यांच्याच फोनवरून हॉस्पिटलची गाडी मागवली. सेइजी अडवायला पुढे आला, पण आईने आतून त्याच्या नावाने अशी हाक मारली की तो साठीकडे झुकलेला माणूस भिंतीशी जाऊन उभा राहिला.

महाराज आले. पांढरं रेशीम, मागे दोन शिष्य, एकाच्या हातात लाल मातीची लाकडी पेटी. ते डोळे मिटून काही पुटपुटले आणि त्यांनी होकायंत्र कपाळाला लावलं.

"महाराज," आजी म्हणाल्या, "उत्तर बंद करायच्या आधी एक समजावा. ती माझ्यामागे लागलीय की माझ्या उशीमागे?"

"तुमच्यामागे, तोमेसान. उशी तर तुमचं रक्षण करतेय."

"मग तुमच्यासारखा पुण्यवान माणूस या उशीवर टेकला तर काटा जागचा हलायचा नाही."

"अर्थातच नाही."

"टेका की मग. एवढे सगळे बघायला आलेत."

व्हरांड्यातून मान्यतेची कुजबुज झाली. महाराजांच्या कपाळावर रेशमाला न शोभणारा घाम दिसू लागला.

"माझं व्रत चालू आहे. व्रतात आडवं होता येत नाही."

"बसल्या बसल्या चालेल," गेनपाची म्हणाला. माशाचे हात कमरेच्या फडक्याला पुसत तो वर आला, आजींच्या डोक्याखाली दुसरी उशी सरकवली आणि दीर्घायुष्याची उशी महाराजांच्या मानेमागे टेकवून धरली. त्याला खरोखरच महाराजांचं पुण्य बघायचं होतं. तो चेष्टा करत नव्हता, म्हणून महाराजांना त्याला झटकताही येईना.

मी होकायंत्र त्यांच्या हातातून घेतलं आणि त्यांच्या हनुवटीखाली धरलं. ते डोंगराकडे तोंड करून बसले होते, म्हणजे खरी उत्तर त्यांच्या नाकासमोर होती. काट्याने डोंगराकडे ढुंकूनही बघितलं नाही. तो गर्रकन फिरला आणि लाल टोक महाराजांच्या मानेकडे जाऊन थांबलं.

"अरेरे," गेनपाची हळहळला. "महाराजांचीही वेळ भरली."

आधी कोणी हसलं नाही. मग अंगणात कोणीतरी फिसकन हसलं.

"आता उशी फिरव," मी गेनपाचीला म्हणाले. "पुढची कड मागे कर."

त्याने फिरवली. काट्याने पलटी मारली. लाल टोक डोंगराकडे गेलं आणि महाराजांच्या मानेकडे पांढरं टोक आलं.

"म्हणजे आता मागे दक्षिण लागली," आजी गादीवरून म्हणाल्या. "बरं झालं. उशी उलटी केली की माणूस अमर होतं. हे आधी सांगितलं असतंत तर आमचे हेसुद्धा राहिले असते."

आता मात्र खोली हसली. पण फुमिए हसत नव्हती. ती शिवणाच्या डब्यातली कात्री घेऊन आली, गेनपाचीच्या हातातून उशी ओढून घेतली आणि तिची कड कापायला लागली. आत भरलेली कुट्टूच्या दाण्यांची टरफलं भसाभसा चटईवर सांडली. एवढ्यात कात्री कशाला तरी अडली. फुमिएने ती वर उचलली तर कात्रीला चिकटून हातभर लांबीची काळी पट्टी बाहेर आली. तिने हात झटकला तरी सुटेना.

"लोहचुंबक," मी म्हणाले. "उशीच्या पुढच्या कडेला उभा शिवला होता. होकायंत्राचा काटाही लोहचुंबकच असतो. जवळ मोठा चुंबक आला की तो धाकटा त्याच्याकडे वळतो. याची एक बाजू लाल टोकाला ओढते, दुसरी पांढऱ्याला. म्हणून माझंही यंत्र फसलं. तुम्ही गादी फिरवलीत तेव्हा उत्तर फिरली नाही. तुम्ही उशी फिरवलीत आणि उशीबरोबर पट्टी फिरली, एवढंच."

"हे माझ्या शत्रूंचं काम आहे," महाराज उठत म्हणाले. "कोणीतरी माझ्या उशीत…"

"उशी तुमच्याच माणसाने आणून दिली," फुमिए म्हणाली. तिने कापलेली कड त्यांच्यासमोर धरली. "आणि ही दुहेरी शिलाई बघा. शिवणयंत्राची आहे. असंच यंत्र तुम्ही माझ्या आईला विकलं होतं, ते अजून माहेरी आहे. मी या माणसाचं ऐकून सासूबाईंना इथे मरायला ठेवलं होतं."

शेवटचं वाक्य ती कोणाला उद्देशून बोलली नाही. पण आजींनी ऐकलं.

महाराजांनी काढता पाय घेतला आणि गडबडीत पायांत गेनपाचीच्या माशाळ सपाता घालून गेले. मातीची पेटी राहिली. दक्षिणेच्या त्या पवित्र मातीत विटेचा चुरा होता आणि आमच्याच किनाऱ्यावरच्या शिंपल्या. तेवढ्यात कोपऱ्यावर गाडीचा भोंगा वाजला. ज्या चौघांनी आजींना खोलीत गरगर फिरवलं होतं, त्यांनीच त्यांना उचलून गाडीत नेलं, आणि गाडी उत्तरेच्या वाटेने डोंगर चढायला लागली.

ऑपरेशन रात्रीच करावं लागलं. सर्जन नंतर मला म्हणाला की आणखी एक दिवस घालवला असता तर पित्ताशय आत फुटलं असतं.

तीन-चार दिवसांनी मी बघायला गेले. वॉर्डातल्या सगळ्या खाटांच्या उशा खिडकीकडे, आणि खिडकी उत्तरेला. शुद्धीवर आल्यावर आजींनी पहिल्यांदा हेच विचारलं होतं की माझं डोकं कुठल्या दिशेला आहे. नर्सने बिचारीने घाबरत घाबरत सांगितलं, उत्तरेला.

"मग आमच्या ह्यांना कळवा," आजी म्हणाल्या होत्या, "मी येत नाही म्हणून."

मी आत गेले तेव्हा त्यांना पेज भरवायची वेळ होती. टाक्यांमुळे त्यांना आधाराशिवाय बसवत नव्हतं आणि मागे लावलेल्या उशा सारख्या घसरत होत्या. शेवटी फुमिए चपला काढून खाटेवर चढली आणि सासूकडे पाठ करून बसली. आजी तिच्या पाठीला पाठ टेकवून ताठ बसल्या आणि पेज पिऊ लागल्या.

"तुझी पाठ फार टोचते," आजी म्हणाल्या.

"तुमची जीभही," फुमिए म्हणाली. पण जागची हलली नाही.

मी दारातच थांबले. ते अक्षर मी शाळेत असल्यापासून लिहीत आले आहे. दोन माणसं, पाठीला पाठ लावून. त्यातलं एक मेलेलं असायलाच हवं असं कुठल्याही गुरुजींनी शिकवलं नव्हतं. ते गोंदाने शिकवलं, आणि आम्ही सगळ्यांनी हात जोडून ऐकलं.

म्हणून एवढंच सांगायचं आहे. उत्तर ही एक दिशा आहे. तिकडे डोंगर आहे, गार वारा आहे आणि एक बरं हॉस्पिटल आहे. कोणी तुमच्या घरी येऊन काटा फिरवून दाखवला तर काट्याकडे बघत हात जोडू नका. कात्री घ्या आणि उशी उसवा. माझ्यासारखं यंत्र बदलून बघण्यात वेळ घालवू नका. आणि घरातलं माणूस एखाद्या लबाडावर विश्वास ठेवत असेल, तर त्याच्यावर हसायच्या आधी जवळ बसून विचारा की तुला कशाची भीती वाटते. मी हे आधी विचारलं असतं तर आजींचे ते दिवस वाया गेले नसते.

ती काळी पट्टी आता माझ्या दवाखान्यात सांडलेल्या टाचण्या गोळा करते. तोमेआजी घरी आल्यावर त्यांनी गादी उत्तरेला डोकं करून घालायला लावली. सेइजीने घाबरत कारण विचारलं.

"इकडून स्वयंपाकघर दिसतं," त्या म्हणाल्या. "फुमिए मिठाचा हात किती सैल सोडते त्यावर लक्ष ठेवता येतं."